जुन्या फोटोंतल्या संस्थानी राजकन्या: कार्ड, काच, कुंकू आणि ओळख

छायालेख

चोरबाजारात मटन स्ट्रीटवर नऊवारीतल्या तरुण बाईचा जुना फोटो दिसला, की विकणारा ‘राणीसाहेब आहेत’ असं सांगून मोकळा होतो. मोत्यांची नथ, तन्मणी, मागे रंगवलेला खांब, बाजूला गोल टेबल, एवढ्यावर किंमत चढते. प्रत्यक्षात हे खांब, टेबल आणि गालिचा स्टुडिओचे असत. वकिलाच्या बायकोलाही तेच आणि सरदाराच्या मुलीलाही तेच. म्हणून चेहऱ्याकडे बघण्याआधी कार्ड, म्हणजे फोटो ज्यावर चिकटवलाय तो पुठ्ठा, बघावं. हा धागा त्या वाचनासाठी आहे. ज्याला जे नीट माहीत आहे त्याने त्याची भर घालावी.

आधी आकार मोजा. साधारण ६४ × १०० मिलिमीटर कार्ड असेल तर ते ‘कार्त द व्हिजित’. पॅरिसचा छायाचित्रकार दिस्देरी याने १८५४ साली त्याचं पेटंट घेतलं. साधारण १०८ × १६५ मिलिमीटर असेल तर ते कॅबिनेट कार्ड, आणि ते १८६६ च्या आधीचं सहसा नसतं. पातळ पुठ्ठा आणि चौकोनी कोपरे म्हणजे बहुधा १८६० चं दशक. पुढे कोपरे गोल झाले, पुठ्ठा जाड झाला. तिरकी कापलेली सोनेरी कड १८८० नंतर सर्रास दिसते. हिंदुस्थानात जुना पुठ्ठ्याचा साठा दोन-चार वर्षं जास्त वापरला जाई, हे गृहीत धरून तारखेला तेवढी सूट द्या.

मग मागची बाजू. पेढीचं नाव, शाखा, पदकं, ‘अमुक गव्हर्नरांचे छायाचित्रकार’ अशी बिरुदं. तारखेची अलीकडची-पलीकडची हद्द यांतूनच मिळते. छायाचित्रकार लाला दीनदयाळांचं उदाहरण घ्या. निजामाकडून ‘राजा’ किताब १८९४ साली, मुंबईचा स्टुडिओ १८९६ साली. कार्डावर ‘राजा’ आणि ‘बॉम्बे’ दोन्ही असेल तर ते कार्ड १८९६ किंवा त्यानंतरचं. मात्र तारीख कार्डाची ठरते, काचेची, म्हणजे काचेवरच्या निगेटिव्हची नाही. जुन्या काचेवरून नवी प्रत काढून नव्या पुठ्ठ्यावर चिकटवणं हा पेढ्यांचा रोजचा धंदा होता.

शेवटी कागद. ३० पट भिंगातून बघा. कागदाचे तंतू स्पष्ट दिसत असतील आणि वर चकचकीत, बारीक भेगांचा थर असेल, तर तो अंड्याच्या पांढऱ्याचा, म्हणजे अल्ब्युमेन कागद. तंतू अजिबात दिसत नसतील तर मध्ये बॅरायटाचा (बेरियम सल्फेटचा पांढरा) थर आहे, म्हणजे जिलेटिन किंवा कोलोडिअनचा (वाळून पारदर्शक पापुद्रा होणारा चिकट द्रव) कागद, आणि तो साधारण १८८५ नंतरचा. गडद भागांवर तिरक्या उजेडात निळसर आरशासारखी चमक आली असेल तर जिलेटिन.

काळोखखोली

छायालेख, छान सुरुवात केलीत. यात रंगांची भर घालतो, कारण या फोटोंच्या वाचनात सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

ओल्या कोलोडिअनच्या काचेला आणि १८८० नंतरच्या साध्या कोरड्या काचेला फक्त निळा, जांभळा आणि अतिनील प्रकाश दिसतो. लाल, नारिंगी, पिवळा तिला जवळजवळ काळोखच. म्हणून कुंकू काळं येतं. त्या काळ्या टिकलीवरून ‘बुक्का लावलाय’ किंवा ‘शोकात आहे’ असे निष्कर्ष काढलेले वाचले आहेत, ते साफ चूक. हळदीचा पिवळा गडद येतो, केशरी शालू काळपट येतो, आणि आकाशी किंवा फिकट निळं लुगडं पांढरं दिसतं. ‘पांढरं नेसलीय म्हणजे विधवा’ असं म्हणण्याआधी कपाळ आणि मनगट बघा. कपाळावर काळा ठिपका आणि हातात बांगड्या असतील तर ते लुगडं निळं असण्याचीच शक्यता जास्त.

सोनं पिवळं, म्हणून तेही मंद येतं. ठुशी, मोहनमाळ, पाटल्या, तोडे फोटोत निस्तेज, कधी लोखंडासारखे दिसतात, फक्त ज्या कडेवर उजेड थेट परावर्तित होतो तेवढी चमकते. माणकं काळी. पाचू गडद. मोती मात्र लखलखीत पांढरे. नथ, तन्मणी, चिंचपेटी यांचा फोटोत एवढा ठसा उमटतो याचं अर्धं कारण काचेच्या रसायनात आहे. त्या फोटोवरून ‘घरात सोनं कमी, मोती जास्त’ असा हिशेब मांडू नये.

हिरव्यालाही दाद देणाऱ्या ऑर्थोक्रोमॅटिक काचा १८८० च्या दशकात बाजारात आल्या. लालासकट सगळे रंग पकडणारी पॅनक्रोमॅटिक काच १९०६ साली आली, पण लाल दिव्यात धुता येत नाही म्हणून स्टुडिओवाले तिला बराच काळ टाळत राहिले. १९३० च्या दशकात ती रुळली. त्यामुळे कुंकू मध्यम करडं दिसत असेल तर फोटो बहुधा त्यानंतरचा. ही एकटी खूण पुरेशी नाही. कार्ड, कागद आणि कुंकू तिन्ही एका दिशेला बोट दाखवत असतील तर भरवसा ठेवा.

अजून एक. आपल्या त्वचेतून लाल-पिवळा प्रकाश जास्त परततो, निळा कमी. म्हणून या काचेवर गव्हाळ मुलगीही सावळी येते, आणि सावळी मुलगी काळी. वांग, पुरळ, देवीचे वण, सगळं दुप्पट उठून दिसतं. चेहऱ्याला पावडर लावणं आणि नंतर निगेटिव्हवर काम करणं ही स्टुडिओची गरज इथून सुरू झाली. ती पुढे कुठवर गेली ते वेगळं लिहितो.

पैठणी-अभ्यासक

रंगांची माहिती मोलाची आहे. नेसण्याच्या खुणा मी सांगते.

महाराष्ट्रात नथ डाव्या नाकपुडीत असते आणि पदर डाव्या खांद्यावर. फोटोत दोन्ही उजवीकडे दिसले तर प्रतिमा उलटी आहे. ॲम्ब्रोटाइप (काचेवरचा एकच मूळ फोटो) आणि डाग्युरोटाइप (चांदीच्या पाटीवरचा) मुळातच उलटे असतात. पण जास्त वेळा कारण साधं असतं: काचेची निगेटिव्ह हल्लीच कोणीतरी उलट्या बाजूने स्कॅन केलेली असते. फक्त पदर उजवीकडे आणि नथ डावीकडे असेल तर ते गुजराती नेसण आहे. बडोद्याच्या फोटोंत ही शक्यता कायम ध्यानात ठेवावी.

मराठा सरदार-संस्थानिक घरांत पदर डोक्यावरून घेऊन दोन्ही खांदे झाकलेले दिसतात. ब्राह्मण घरांतल्या बायका बहुतेकदा उघड्या खोप्याच्या आणि पदर कमरेला खोचलेल्या. कासोटा दोन्हीकडे आहे, म्हणून त्यावरून घराणं ठरत नाही. पायातल्या बुटांवरूनही ठरत नाही. १८८० नंतर मुंबई-पुण्याच्या सुधारक कुटुंबांतल्या स्त्रियाही बूट-मोजे घालून फोटोला उभ्या राहिलेल्या आहेत. जोडवी आणि मंगळसूत्र दिसलं तर विवाहित. मात्र मंगळसूत्र तन्मणीखाली झाकलं जातं, म्हणून ‘दिसत नाही म्हणजे कुमारिका’ असं धरू नका.

संस्थानी असल्याची खरी भक्कम खूण म्हणजे डाव्या खांद्याजवळचा फितीचा बो आणि त्याखाली रत्नजडित अक्षरांचं पदक. हा ‘ऑर्डर ऑफ द क्राउन ऑफ इंडिया’, स्थापना १८७८, फक्त स्त्रियांसाठी. संस्थानी महाराण्यांना आणि इंग्रज राजघराण्यातल्या किंवा मोठ्या अधिकाऱ्यांच्या बायकांना तो मिळे. फीत फिकट निळी, कडा पांढऱ्या. आता काळोखखोलींनी सांगितलेलं लावून बघा. जुन्या काचेवर ती फीत सबंध पांढरी येते, म्हणून अनेकांना ती युरोपीय झालर वाटते.

लालबागकर

वाचनखूण साठवली. एक विचारायचं आहे. गोषातल्या मुली परक्या पुरुषासमोर तोंड उघडं करून तासभर बसायच्या कशा? की हे फोटो घरातल्याच कोणी काढलेले?

छायालेख

लालबागकर, तीन वाटा होत्या.

पहिली, घरातलाच छायाचित्रकार. जयपूरचे महाराजा सवाई रामसिंह दुसरे (मृत्यू १८८०) स्वतः ओली काच वापरत आणि जनान्यातल्या स्त्रियांचे त्यांनी काढलेले फोटो जयपूरच्या सिटी पॅलेसमध्ये जपलेले आहेत. त्या स्त्रिया बहुतेक बिननावाच्या राहिल्या, ही त्या संग्रहाची बोच आहे. त्रिपुराचे महाराजा बीरचंद्र माणिक्य आणि राणी मनमोहिनी दोघंही फोटो काढत.

दुसरी, स्त्री छायाचित्रकार. दीनदयाळांनी १८९२ साली हैदराबादेत खास जनाना स्टुडिओ काढला. उंच भिंती, आत फक्त बायका, आणि काम बघायला केनी-लेव्हिक नावाच्या इंग्रज बाई. ही उदारपणापेक्षा धंद्याची अक्कल होती. घरातला निम्मा भाग कॅमेऱ्यासमोर येतच नव्हता, तो गिऱ्हाईक झाला.

तिसरी, ज्या घराण्यांनी गोषा सोडला किंवा सैल केला, त्यांच्या मुली सरळ स्टुडिओत गेल्या. बडोदा यात पुढे. महाराणी चिमणाबाई दुसऱ्या पुढे १९२७ साली अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या.

बसण्याच्या वेळेबद्दल: तासभर कॅमेऱ्यासमोर बसावं लागत नसे. ओल्या काचेवर स्टुडिओतली उघडझाप (एक्स्पोजर) साधारण २ ते २० सेकंद, कोरड्या काचेवर एक-दोन सेकंद किंवा त्याहून कमी. वेळ जाई तो काच तयार करण्यात. ओली काच १०-१५ मिनिटांत वापरून धुवावी लागते, उन्हाळ्यात त्याहूनही लवकर, नाहीतर कोलोडिअन वाळतं आणि काच जाते. डोकं हलू नये म्हणून मागे लोखंडी स्टँड, त्याला मानेचा चिमटा. डोक्यावरचा पदर तो चिमटा झाकतो, पण स्टँडचा ओतीव पाय लुगड्याच्या काठामागे डोकावतो. भिंगातून पायाशी बघा. तो पाय दिसला तर फोटो बहुधा लांब उघडझापीच्या काळातला. या मुली हसताना दिसत नाहीत त्याचं एक कारण हेच, दुसरं रीतीचं. वडीलधाऱ्यांसमोर आणि परक्या दृष्टीसमोर दात दाखवणं बसत नव्हतं.

मोडीवाचक

मुंबईच्या अंगाने थोडं. इथली फोटोग्राफिक सोसायटी १८५४ ची. डॉ. भाऊ दाजी तिचे सभासद, त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी स्वतः चांगले छायाचित्रकार. धंदा म्हणून स्टुडिओ काढणाऱ्या पहिल्या हिंदी माणसांत हरिश्चंद्र चिंतामण. पुढे बोर्न अँड शेफर्डची शाखा, दीनदयाळ, आणि १९२८ पासून बॅलार्ड इस्टेटमधला सर व्हिक्टर ससूनचा हॅमिल्टन स्टुडिओ. संस्थानिकांचे मुंबईत बंगले होते, शर्यतींच्या हंगामात मुक्काम असे, त्यामुळे काठियावाडपासून दख्खनपर्यंतची घराणी इथल्या पेढ्यांच्या वहीत सापडतात.

माझा मुख्य मुद्दा मात्र वेगळा आहे. राजकन्येचा फोटो कोणासाठी काढला, हे आधी ठरवा. स्थळासाठी काढलेला, सरकारी अल्बमसाठी काढलेला आणि मासिकासाठी काढलेला, हे तिन्ही वेगळे असतात.

स्थळाच्या फोटोत मुलगी उभी, पूर्णाकृती, उंची कळावी म्हणून खुर्चीच्या पाठीवर हात, दागिने पुढे घेतलेले, नजर कॅमेऱ्याच्या जरा बाजूला. सरकारी अल्बममध्ये ती कुटुंबात बसते, वडील किंवा भाऊ मध्यभागी, आणि खाली मथळा ‘अमुक संस्थानची राजकन्या’ एवढाच. नाव गळतं. मासिकाच्या फोटोत चेहरा मोठा, छातीपर्यंतच, पार्श्वभूमी साधी, कारण ठिपक्यांच्या जाळीच्या छपाई-ठशात बारीक तपशील मरतो.

या पोझची वंशावळ राजा रविवर्म्यापर्यंत जाते. तो १८८१ साली बडोद्याला आला. राणीचं हात टेकून उभं राहणं, पदराचा तो उतार, मागे पडदा आणि खांब हे त्याच्या तैलचित्रांत आहे. त्यानेही युरोपीय दरबारी चित्रं आणि छायाचित्रं बघितलेली. १८९४ साली मुंबईत त्याचा छापखाना सुरू झाल्यावर लक्ष्मी-सरस्वती घराघरांत गेल्या, आणि मग मध्यमवर्गातली मुलगीही स्टुडिओत तशीच उभी राहू लागली. म्हणूनच पोझवरून ‘राणीसाहेब’ ठरवता येत नाही.

इंदिराराजे गायकवाड (जन्म १८९२) यांचे फोटो ओळीने लावले तर प्रतिमा घडताना दिसते. बडोद्याची राजकन्या, ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरलेलं लग्न स्वतः मोडलेलं, १९१३ साली लंडनमध्ये कूचबिहारच्या जितेंद्रनारायणांशी लग्न, १९२२ साली वैधव्य. त्या काळच्या रीतीप्रमाणे पांढरं नेसणं आलं, तर त्यांनी फ्रान्समधून शिफॉन मागवलं. त्यांच्यामुळे शिफॉनची साडी राजघराण्यांत आणि नंतर सगळीकडे रुळली. जरीचं लुगडं फोटोत कडक, भरजरी आणि जड दिसतं, बाई त्याच्या आत. शिफॉन अंगाबरोबर पडतं, उजेड त्यातून झिरपतो, त्यामुळे दागिन्यांऐवजी मान, खांदा आणि बसण्याची ढब दिसू लागते. हे पुढे त्यांच्या कन्या गायत्रीदेवींच्या फोटोंत पूर्णत्वाला गेलं. इंग्रज छायाचित्रकार सेसिल बीटनने काढलेले गायत्रीदेवींचे फोटो बघा, साडी जवळजवळ साधी आहे. १९६२ साली त्या जयपूरहून लोकसभेला उभ्या राहिल्या आणि २,४६,५१६ पैकी १,९२,९०९ मतांनी निवडून आल्या. तो चेहरा त्याआधी वीस वर्षं मासिकांतून ओळखीचा झाला होता, हे विसरून चालणार नाही.

काळोखखोली

आता निगेटिव्हवरचं काम. हे नीट समजलं तर कुठल्याही स्टुडिओ फोटोत हात कुठे फिरलाय ते दिसू लागतं.

रिटचिंगचं मेज म्हणजे उतरती चौकट, मध्ये दुधी काच, खाली आरसा. खिडकीचा उजेड आरशावरून काचेतून वर येतो. जिलेटिनच्या बाजूला डामर राळ टर्पेंटाइनमध्ये विरघळवून केलेला पातळ थर पुसायचा, म्हणजे शिसं धरतं. एचबी ते ४एच पेन्सिली, टोक सँडपेपरवर घासून इंचभर लांब सुईसारखं. सुरकुती किंवा वण निगेटिव्हवर फिकट, म्हणजे पारदर्शक असतो. तिथे स्वल्पविरामासारख्या बारीक रेघांनी शिसं भरलं, की प्रतीत तो उजळ होतो. उलट काही गडद करायचं असेल तर धारदार पात्याने जिलेटिन खरवडायचं. भुवया कोरणं, केसांची बट आवरणं, ही पात्याची कामं.

रंग उजळवणं यापुढचं. काचेच्या मागच्या बाजूला मॅट वार्निश लावायचं, त्यावर चेहऱ्याच्या आकारात शिशाची पूड कागदाच्या घट्ट गुंडाळीने घासायची. सबंध चेहरा एका हाताने दोन छटा गोरा. ही पूड काचेच्या जाडीमुळे किंचित धूसर पडते, म्हणून कड जाणवत नाही. पण चेहरा उजळतो आणि हात तसेच राहतात. म्हणून चेहरा आणि मनगट शेजारी ठेवून ताडून बघा. कान आणि गळाही बघा, तिथे कारागीर घाईत असतो. ज्या मुलीची खरी छटा हातावर दिसतेय आणि चेहऱ्यावर पुसली गेलीय, तिच्याबाबत हा अन्यायच झाला, असं माझं मत आहे, आणि तो बहुतेकदा घरच्यांच्या सांगण्यावरून झाला.

कंबर बारीक करणंही तसंच. पार्श्वभूमी फिकट असेल तर निगेटिव्हवर ती गडद असते. तिथे कंबरेचा काठ पेन्सिलीने भरून पार्श्वभूमीत मिळवतात. पार्श्वभूमी गडद असेल तर खरवडतात. पोताचा प्रवाह तिथे तुटतो. गालिच्याची किंवा रंगवलेल्या पडद्याची रेघ कंबरेजवळ अचानक गुळगुळीत झाली, की समजा.

पैठणी-अभ्यासक

एका गोष्टीशी असहमत आहे. सगळं रिटचिंग म्हणजे अन्याय असं नाही. तुम्हीच वर लिहिलंत की काच त्वचेला मुळापेक्षा गडद करते. मग एक छटा उजळ करणं ही काचेची चूक दुरुस्त करणं झालं. प्रश्न दुसऱ्या छटेपासून सुरू होतो.

काळोखखोली

मान्य. हात आणि चेहरा दोन्ही सारखे उजळले असतील तर ती दुरुस्ती. फक्त चेहरा उजळला असेल तर सजावट. वरचं माझं वाक्य तेवढं सुधारून वाचावं.

मोडीवाचक

विलायतेची तुलना इथे कामी येईल, कारण आपल्याकडचे साचे तिथून आले आणि काही तिथेच बनले.

लंडनमध्ये दरबारी पेश होणाऱ्या तरुण मुलींचा ठरलेला पेहराव असे: डोक्यात तीन पांढरी पिसं, जाळीदार ओढणी, मागे लांब घोळ. राजवाड्यातून निघून थेट स्टुडिओत जायचं आणि तो फोटो सोसायटीच्या साप्ताहिकांत. ही पेश करण्याची चाल १९५८ साली बंद झाली. डब्लिनमध्ये १८८० साली सुरू झालेल्या लाफायेत स्टुडिओने १८९७ च्या डेव्हनशायर हाउसच्या वेषभूषा-समारंभात बागेतच तंबू ठोकून पाहुण्यांचे फोटो काढले. विलायतेला गेलेले आपले संस्थानिकही याच पेढीसमोर बसले. १९३५ साली लंडनच्या छायाचित्रकार मादाम येवोंदने उमराव घरांतल्या स्त्रियांना ग्रीक देवी बनवून व्हिवेक्स या तीन निगेटिव्हांच्या पद्धतीने रंगीत फोटो काढले. रविवर्म्याने राण्यांच्या ढबीत देवी रंगवल्या, येवोंदने उमराव स्त्रियांनाच देवी केलं. हे दोन टोकांचं साम्य मला फार महत्त्वाचं वाटतं.

इंदूरच्या संयोगिताबाई होळकर, माहेर कागल. यशवंतराव होळकर दुसरे आणि त्यांचे छायाचित्रकार मॅन रेने काढलेले फोटो मुद्दाम शोधा. खांब नाही, टेबल नाही, दागिने जवळपास नाहीत, दोघं शेजारी शेजारी, मोकळेपणाने हसताना. त्याच जोडप्याच्या, फ्रेंच चित्रकार बर्नार बूते द मोनव्हेलने केलेल्या तैलचित्रांपैकी काही मराठा दरबारी पोशाखातली. एकीकडे तरुण जोडपं, एकीकडे गादी. दोन्ही प्रतिमा त्यांनी स्वतः निवडलेल्या, हे विशेष. १९३७ साली संयोगिताबाई ऐन तारुण्यात गेल्या.

फोर्टातली वाचक

व्हॉट्सॲपवर फिरणारा झाशीच्या राणीचा ‘अस्सल फोटो’ या कसोट्यांवर टिकतो का?

छायालेख

नाही टिकत. ‘१८५० साली हॉफमन नावाच्या इंग्रजाने काढला’ असं त्याखाली लिहिलेलं असतं. जॉन्स्टन अँड हॉफमन ही कलकत्त्याची पेढी १८८० च्या दशकातली, आणि लक्ष्मीबाई १८५८ साली धारातीर्थी पडल्या. शिवाय १८५० साली ओल्या काचेची पद्धत जाहीरही झाली नव्हती, ती १८५१ ची. त्या वेळचा फोटो म्हणजे डाग्युरोटाइपची आरशासारखी पाटी किंवा कॅलोटाइपची मऊ, तंतुमय कागदी प्रत. चकचकीत बारकावे असलेली कागदी प्रत नव्हे.

दुसरा फिरता फोटो ‘इराणची राजकन्या काजार, तिच्यापायी तेरा जणांनी जीव दिला’. हा मराठी ग्रुपांवरही येतो, सोबत हसण्याच्या चिन्हांसकट. काजार हे घराण्याचं नाव आहे, मुलीचं नाही. त्यात नासिरुद्दीन शाहच्या दोन मुलींची, इस्मत-उद्-दौला (१८५५–१९०५) आणि ताज-उस्-सल्तना (१८८४–१९३६) यांची सरमिसळ केलेली आहे. तेरा जणांची गोष्ट बनावट. ओठांवरची लव तिथे सौंदर्याची खूण मानली जाई. ताज-उस्-सल्तना यांनी आठवणी लिहिल्या, स्त्रियांच्या हक्कांसाठी काम केलं. ज्या बाईने स्वतःच्या शब्दांत स्वतःबद्दल लिहून ठेवलंय, तिच्या फोटोवर लोक हसत बसतात. असा फोटो आला तर पुढे पाठवण्याऐवजी ही दोन नावं लिहून परत पाठवा.

दादरचा फोटोवाला

लग्नाचे फोटो काढणाऱ्यांसाठी विचारतो. हल्ली नवऱ्या ‘संस्थानी लूक’ मागतात. ॲपमधला सेपिया मारला की खोटं दिसतं. योग्य पद्धत काय?

काळोखखोली

सेपियाने भागत नाही, कारण फरक रंगांच्या प्रतिसादात आहे. असं करा:

प्रकाश एकच, मोठा आणि मऊ. जुन्या स्टुडिओत उत्तरेकडची तिरकी काचेची छप्परखिडकी असे. त्याऐवजी ४ × ६ फुटी सॉफ्टबॉक्स, मुलीच्या डावीकडे ४५ अंशांत, मधला भाग ६-७ फुटांवर, किंचित खाली झुकवलेला. सावलीच्या बाजूला ३ फुटांवर पांढरा थर्माकोलचा तक्ता, बस. केसांवर मागून दिवा मारू नका, त्या एका दिव्याने सगळा काळ बिघडतो. रंगवलेला कॅनव्हास मुलीच्या मागे ५-६ फूट. पूर्णाकृतीला कॅमेरा छातीच्या उंचीवर आणि १५ फूट लांब, ८५ मिलिमीटरची लेन्स. डोळ्यांच्या उंचीवरून जवळून काढलात तर पाय आखूड आणि डोकं मोठं येतं, आणि नऊवारीचा घोळ बिघडतो.

रॉ मध्ये काढा, दिवे ५५०० केल्व्हिनचे. पिवळ्या बल्बखाली निळ्या चॅनलमध्ये नुसते दाणे (नॉइज) येतात. कृष्णधवल करताना चॅनल मिक्सरमध्ये लाल ०, हिरवा १०, निळा ९०. कुंकू काळं होईल, सोनं मंद, मोती पांढरे. चेहऱ्यावरचा प्रत्येक डागही उठेल, म्हणून मेकअपवालीला आधी सांगा: एकसारखा मॅट थर, चकाकी नको, लाल लिपस्टिक नको, ती काळी येते. फिकट गुलाबीवर भागवा. जरीची चमक फुटत असेल तर दिव्यावर आणि लेन्सवर दोन्हीकडे पोलरायझर लावून अर्धी कापा, पूर्ण कापू नका, जरी मेल्यासारखी दिसते.

आणि टाकताना ‘२०व्या शतकातली राणी’ वगैरे गमतीनेही लिहू नका. दोन वर्षांनी तोच फोटो कोणीतरी अस्सल म्हणून या धाग्यावर घेऊन येईल. फाइलच्या नावात आणि मथळ्यात सालासकट ‘पुनर्रचना’ लिहा.

फोर्टातली वाचक

नात्यातल्या एका जुन्या घरात अल्बम आहेत, काही काचाही. पावसाळा तोंडावर आला आहे. आत्ता लगेच काय करावं?

जतनघर

सगळ्यात आधी काय करू नये ते सांगते. बुरशी आलेला फोटो ओल्या फडक्याने पुसू नका. जिलेटिन बुरशीने आधीच विरघळायला आलेलं असतं, पाणी लागलं की प्रतिमाच फडक्यावर येते. चिकटलेले फोटो ओढून सोडवू नका. उन्हात वाळवू नका, अल्ब्युमेन कुरळतं आणि तडकतं. डांबरगोळ्या घालू नका.

मुंबईत जून ते सप्टेंबर घरातली आर्द्रता सहज ८० टक्क्यांवर जाते. ६५ च्या वर बुरशी वाढते, ध्येय ३५ ते ५०. लोखंडी कपाट, बाहेरच्या ओल्या भिंतीपासून किमान सहा इंच दूर, खालचा खण रिकामा. सगळ्यात सोपं म्हणजे घट्ट झाकणाचा पॉलिप्रॉपिलीनचा डबा, त्यात कापडी पुरचुंडीत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. रंग बदलणारी जेल घ्या, रंग पालटला की बाहेर काढून ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास तापवा, गार झाल्यावरच परत ठेवा. कागदाला कसर लागली असेल तर आधी मऊ, कोरड्या ब्रशने अंडी आणि भुगा झाडा, उघड्या हवेत, नाकाला मास्क लावून.

काचा आडव्या रचू नका, खालची फुटते. प्रत्येक काच चार पाकळ्यांच्या आम्लविरहित कागदात गुंडाळून लांब कडेवर उभी ठेवा, मध्ये पुठ्ठे. उचलताना दोन समोरासमोरच्या कडा धरा, हातात नायट्राइलचे मोजे. सुती मोजे काचेवरून घसरतात आणि सुटलेल्या जिलेटिनच्या टवक्यात अडकतात. निगेटिव्हवर पेन्सिलीची कामं असतील तर ती पुसू नका, वर काळोखखोलींनी लिहिलंय तो इतिहास त्या शिशात आहे. काचांबरोबर जुन्या फिल्मी असतील आणि आंबूस वास येत असेल तर त्या वेगळ्या काढा, तो वास बाकीच्यांना पसरतो. १९५० च्या आधीच्या फिल्मी ज्वालाग्राही नायट्रेटच्या असू शकतात, त्या बंद डब्यात किंवा देवघराच्या कपाटात मुळीच नको.

स्कॅन करताना कार्त द व्हिजितला १२०० डीपीआय, कॅबिनेटला ६००, १६ बिट टिफ, पुढची आणि मागची दोन्ही बाजू, कडांसकट. वाकलेलं कार्ड स्कॅनरच्या झाकणाने दाबलं की अल्ब्युमेन तडकतं. ते वरून कॅमेऱ्याने काढा, दोन दिवे ४५ अंशांत, चंदेरी चमक आलेल्या फोटोला दिव्यांवर आणि लेन्सवर दोन्हीकडे पोलरायझर. मासिकातून कापलेला फोटो असेल तर ठिपक्यांची जाळी येते. ६०० ला स्कॅन करून, किंचित धूसर करून मग आकार लहान करा. मूळ स्कॅन मात्र तसाच ठेवा.

आणि अल्बमची पानं सुटी करण्याआधी आहे त्या क्रमाने प्रत्येक पानाचा सबंध फोटो काढून ठेवा. मागे पेन्सिलीने लिहिलेलं ‘ताईसाहेब’, ‘धाकट्या वहिनी’ असं काहीही खोडू नका. घरातल्या वयस्कर माणसांना बसवून कोण कोणाची कोण ते आत्ताच लिहून घ्या, वहीत, पान आणि फोटोचा क्रमांक घालून. फोटोच्या पाठीवर बॉलपेनने नको, त्याचा ठसा पुढच्या बाजूला उमटतो. मऊ ६बी पेन्सिल, फोटो काचेवर पालथा ठेवून, कडेला, हलक्या हाताने.